आखनचे शनिवार-रविवार : तीन देशांच्या सांदीत

सीमाभागातली | १९ जानेवारी २०२५, रात्री

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचतेय, आज लिहायचं धाडस करतेय. मी मूळची निपाणीची, इंजिनिअरिंग कोल्हापुरात, आणि ऑक्टोबरपासून जर्मनीत आखनला मास्टर्स करतेय. आखन म्हणजे जर्मनीचं अगदी पश्चिमेचं शहर, एका बाजूला नेदरलँड्स एका बाजूला बेल्जियम, सिटी बस चुकून दोन स्टॉप पुढे नेली तर तुम्ही परदेशात.

निघताना सगळ्यांसारखीच यादी होती. पॅरिस, रोम, प्राग, अ‍ॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, वीकेंडला एकेक उडवायचं. नोव्हेंबरमध्ये पहिलं पॅरिस केलं. शुक्रवारी रात्रीची बस, पहाटे पोचलो, थंडी, दात घासायला जागा नाही, आयफेलखाली फोटो, मग म्युझियमची रांग, नोत्र दाम बाहेरनं बघितलं कारण ते ८ डिसेंबरला उघडणार होतं आणि आम्ही तीन आठवडे आधीच पोचलो होतो, मग परत रात्रीची बस. घरी येऊन सोमवारी रूममेटने विचारलं काय आवडलं, तर मला एकच गोष्ट आठवेना, पाय दुखत होते तेवढं आठवलं. दोन दिवसांत महिन्याचं किराणा बजेट गेलं ते वेगळंच.

मग पुढच्या रविवारी इथे सगळं बंद (रविवारी दुकानं बंद म्हणजे खरंच बंद, दूध संपलं तर संपलं), कंटाळून नेदरलँड्समधल्या व्हाल्स गावच्या बसमध्ये बसले. विद्यापीठाच्या सेमिस्टर फीमध्येच पास येतो, अख्ख्या जर्मनीत लोकल गाड्या आणि बस चालतात, फास्ट गाड्या नाहीत, आणि ही बस पण त्यात चालली. नाव लिहितात व्हाल्स, म्हणतात फाल्स. तिथून जंगलातून चढ चढत पाऊणएक तासात त्रिसीमेचा दगड येतो, जर्मनी-नेदरलँड्स-बेल्जियम. दगडाभोवती एक फेरी मारली की तीन देश झाले. शेजारीच दुसरा दगड, नेदरलँड्सचा सर्वोच्च बिंदू, उंची किती तर ३२२.४ मीटर! आमच्या पन्हाळ्यावरचे लोक हसतील. आणि तोही मान आता नावापुरताच, कारण २०१० मध्ये कॅरिबियनमधलं साबा बेट नेदरलँड्सच्या थेट कारभाराखाली आलं आणि तिथला ज्वालामुखी याच्या दुपटीहून उंच निघाला, त्यामुळे हल्ली ‘युरोपातल्या नेदरलँड्समधलं सर्वांत उंच’ असं शेपूट लावून सांगावं लागतं.

पण खरी गंमत पुढे. तिथल्या पाटीवर वाचलं की एके काळी इथे चार सीमा भेटत. चौथा देश कुठला म्हणून शोधत बसले तर त्याचं नाव न्यूट्रल मोरेस्ने. नेपोलियन हरल्यावर नकाशे परत काढले तेव्हा इथल्या एका जस्ताच्या खाणीवर प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) पण हक्क सांगे आणि नेदरलँड्स पण. जस्त तेव्हा फार मोलाचं. कोणी मागे हटेना, म्हणून १८१६ मध्ये ठरवलं की खाण आणि तिच्या भोवतीचा साडेतीनएक चौरस किलोमीटरचा तुकडा कोणाचाच नाही, दोघांनी मिळून बघायचा. सुरुवातीला माणसं २५६. तात्पुरती सोय म्हणून केलेलं ते शंभर वर्षं टिकलं! खाण १८८५ मध्ये रिकामी झाली तरी तुकडा तसाच. मग तिथल्या एका डॉक्टरने, विल्हेल्म मोली त्यांचं नाव, आधी स्वतःची पोस्टाची तिकिटं काढून बघितली आणि १९०८ मध्ये तर या तुकड्याला एस्परांतो (सगळ्या जगाला सोपी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा) बोलणारं राष्ट्र करायचं ठरवलं, नाव अमिकेयो, म्हणजे मैत्रीचं ठिकाण. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये बेल्जियमला जोडला आणि विषय संपला. आज त्या गावाचं नाव केल्मिस, छोटं म्युझियम आहे, मी पुढच्याच शनिवारी जाऊन आले.

आता तुम्हीच सांगा, निपाणीच्या पोरीला हे वाचून काय वाटलं असेल. आमच्याकडे १९५६ पासून एकच प्रश्न चाललाय, काही झालं की कागलला एसटी थांबतात, आणि इथे दोन सरकारांनी ‘जमत नाही ना, मग कोणाचंच नको’ म्हणून शंभर वर्षं काढली. मी त्या म्युझियममध्ये एकटीच हसत होते, काउंटरवरच्या बाई बघायला लागल्या.

तर तेव्हापासून यादी फाडली. आता नियम एकच, सकाळी निघून रात्री स्वतःच्या गादीवर. तुम्ही कोणी या बाजूला राहिलाय का, आणखी काय बघू ते सांगा.

कोल्हापुरी_भडंग | १९ जानेवारी

नाद खुळा लिहिलंयस. ते एस्परांतोवालं आपल्याकडं कोणीतरी सुचवा राव, निपाणीत सगळ्यांनी एस्परांतो बोलायचं, पाट्यांचं भांडण संपलं.

सीमाभागातली | १९ जानेवारी

@कोल्हापुरी_भडंग पाट्यांचं भांडण संपलं की तंबाखूचं सुरू हुईल, काळजी नको 😀

आईपण | २० जानेवारी

बाळा छान लिहिलंस. माझा मुलगा येत्या सप्टेंबरला जर्मनीला जायचा आहे, व्हिसासाठी बँकेत आधीच अडकवून ठेवायचे ते ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो भरताना आमचं सगळं कंबरडं मोडलंय म्हणून विचारते, हे फिरणं वगैरे खर्चाचं कसं जमवता? आणि एकटी मुलगी जंगलात जातेस, भीती नाही वाटत?

सीमाभागातली | २० जानेवारी

काकू, त्या ११,९०४ मधूनच महिन्याला ९९२ सुटतात, त्यातलं भाडं, हेल्थ इन्शुरन्स गेल्यावर जे उरतं त्यात जेवायचं. म्हणून तर बसचा पास! माझा एका दिवसाचा खर्च कॉफी आणि कधीतरी वॉफल, डबा घरचा. प्यायचं पाणी नळाचंच. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं ते दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत मिळतं, आमच्या मजल्यावरच्या पार्टीनंतर बाटल्या गोळा करायचं काम मी आनंदाने घेते, एकदा तर बेल्जियममधल्या लिएजचं तिकीट त्यातनं निघालं. जंगलाचं म्हणाल तर रविवारी सकाळी इथं इतकी आजी-आजोबा काठ्या घेऊन चालत असतात की एकटं वाटतच नाही. काळोख पडायच्या आत बसस्टॉपवर, एवढं पाळते.

जुना_कंदील | २० जानेवारी

आखनचं नाव वाचून धागा उघडला. मी तिथे १९९१ ते ९४ होतो. तुमच्या पिढीला कल्पना नाही यायची. खिशात तीन पाकिटं, मार्क, गिल्डर आणि बेल्जियन फ्रँक. भारतीय पासपोर्टवर नुसतं व्हाल्सला भाजी घ्यायला जायचं तरी वेगळा व्हिसा लागे, आमचे जर्मन मित्र सायकलवरून स्वस्त कॉफी आणायला नेदरलँड्सला जायचे आणि आम्ही सीमेच्या अलीकडे उभे राहून त्यांची वाट बघायचो. शेंगेन, म्हणजे एका व्हिसावर सगळीकडे, लागू झालं मार्च १९९५ मध्ये, मी परत आलो त्याच्या काही महिने आधी! तीन वर्षं त्रिसीमेच्या गावात राहून मी तो दगड बघितला तो जर्मनीच्या बाजूने, आणि एक पाय पलीकडे टाकला होता हे आता सांगायला हरकत नाही.

एक काम करशील का? बेल्जियममधल्या ऑयपनच्या रस्त्याला शहर संपतं तिथे सीमेवर कस्टमची चौकी होती. मी तिथवर बरेचदा चालत जायचो आणि परत फिरायचो. ती आहे का अजून ते बघून सांग, वेळ मिळेल तेव्हा.

सीमाभागातली | २० जानेवारी

काका नक्की. 🙏

पोथीनिष्ठ | २१ जानेवारी

ताई सगळं बाहेरचंच सांगताय, खुद्द आखनचं कॅथेड्रल सोडलंत! १९७८ ला युनेस्कोने जागतिक वारशाची पहिलीच यादी केली त्यात हे होतं. सम्राट शार्लमेन तिथेच पुरलाय, ८१४ साली गेला. आणि त्याच्याकडे हत्ती होता हे माहितीये का? बगदादच्या खलिफा हारून अल रशीदने पाठवलेला, अबुल अब्बास नावाचा, ८०२ साली चालत आखनला पोचला. आल्प्स ओलांडून हत्ती! त्या थंडीत बिचारा आठ वर्षं जगला.

सीमाभागातली | २५ जानेवारी

@पोथीनिष्ठ कॅथेड्रल रोजच्या वाटेवर आहे म्हणून राहून गेलं, घरची मुर्गी. पण त्याच्या दाराची गोष्ट सांगते. बांधकामाला पैसे संपले, सैतान म्हणाला मी देतो, बदल्यात जो पहिला जीव आत शिरेल तो माझा. गावकऱ्यांनी होय म्हणून पैसे घेतले आणि उद्घाटनाला आत सोडला लांडगा. सैतान इतका चिडला की जाताना दार आपटलं आणि त्याचा अंगठा सिंहाच्या तोंडाच्या कडीत अडकून तुटला. आजही लोक त्या सिंहाच्या तोंडात बोट घालून अंगठा चाचपतात, मी पण घातलं, आत खरंच काहीतरी लागतं.

पुढची गोष्ट जास्त भारी. सैतान सूड घ्यायला समुद्रकाठची वाळू पोत्यात भरून आला, आखन गाडून टाकायला. गावाच्या वेशीवर दमला आणि एका म्हातारीला विचारलं, आखन अजून किती लांब. म्हातारीने ओळखलं. आपले झिजलेले जोडे दाखवले, म्हणाली हे मी आखनला नवे घेतले होते, चालून चालून बघ काय झालेत. सैतानाने वैतागून वाळू तिथेच ओतली. तीच ही लूसबर्ग टेकडी, आमच्या होस्टेलच्या मागे. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची सख्खी बहीण वाटली मला. टेकडीवर तिचा पुतळा पण आहे, सैतानासकट.

दालचिनी | २५ जानेवारी

मी डसेलडॉर्फला असते, आखनला दोनदा आले. गावात ते कुजक्या अंड्याचा वास येणारं पाणी बघितलंस का? एलिझनब्रुनन. मी नाक धरून उभी होते आणि नवरा (गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या बाजूचा) म्हणतो ‘आहा, घरी आल्यासारखं वाटलं’. गरम गंधकाचे झरे, काही ठिकाणी ७० अंशांच्या वर. त्यासाठीच शार्लमेन तिथे राहायचा म्हणतात, रोमन लोकांची स्नानगृहं तर त्याच्याही आधीची.

आणि ते आखनचं प्रिंटन बिस्किट खाल्लंस का? मला तर दात पडतील असं वाटलं.

सीमाभागातली | २५ जानेवारी

@दालचिनी प्रिंटन लगेच खायचं नसतं ग! डब्यात सफरचंदाची फोड नाहीतर पावाचा तुकडा घालून ठेवायचं, दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. आधी मी पण चहात बुडवून बघितलं, चहा संपला प्रिंटन तसंच. मध नाही, साखरेच्या बिटाचा पाक असतो त्यात, नेपोलियनच्या काळात समुद्रावरून येणारी साखर आणि मध बंद झाला तेव्हापासून. दुकानात तुटलेल्या तुकड्यांची पिशवी स्वस्तात मिळते, तीच घ्यायची, पोटात तर तुटणारच आहे.

विमानवेडा | २६ जानेवारी

एक विरोधी मत मांडतो, राग नको. तुम्ही लोक कौतुक करताय पण आयुष्यात पुन्हा युरोपात राहायला मिळेल याची खात्री कोणाला आहे? मी दोन वर्षांत १९ देश केले, स्वस्त फ्लाइट, हॉस्टेल, सगळं जमतं. बसने जाऊन दगड बघण्यापेक्षा रोम बघा ना. दगड काय, म्हातारपणी बघता येतील.

कोल्हापुरी_भडंग | २६ जानेवारी

भाऊ १९ देशांतलं एक तरी सांगा की मग, आकडाच सांगताय.

विमानवेडा | २६ जानेवारी

@कोल्हापुरी_भडंग ठीक आहे. पोर्तुगालमधलं पोर्तो. स्टेशनच्या हॉलमध्ये भिंतभर निळ्या टाइल्स, साओ बेंतो स्टेशन, साधारण वीस हजार टाइल्स आहेत, लढाया, मिरवणुका, सगळं रंगवलेलं, माझी ट्रेन त्या नादात सुटली आणि मी पुढच्या ट्रेनपर्यंत तिथेच बसून राहिलो. झालं समाधान?

कोल्हापुरी_भडंग | २६ जानेवारी

झालं. ट्रेन सुटली म्हणून बघितलंत की नाही मग 😄

सीमाभागातली | ९ फेब्रुवारी

@विमानवेडा दादा राग नाही, रोमला मी जाणारच आहे, पण आठवडाभर. दोन दिवसांत नाही.

तर ऑयपनचं सांगते. बेल्जियम म्हटलं की आपण फ्रेंच आणि डच धरतो, पण तिसरी अधिकृत भाषा जर्मन आहे आणि ती बोलणारे थोडेच, ऐंशी हजारांच्या आतबाहेर. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने हा पट्टा जर्मनीकडून बेल्जियमला गेला. ऑयपनला त्यांचं स्वतःचं पार्लमेंट आहे! ऐंशी हजारांचं पार्लमेंट म्हणजे आमच्या निपाणी तालुक्याला विधानसभा. बेकरीत मी बाईंना विचारलं तुम्ही स्वतःला काय म्हणता, जर्मन का बेल्जियन, तर त्या म्हणाल्या बेल्जियन, हे काय विचारणं झालं, फुटबॉलला आम्ही बेल्जियमच्याच बाजूने. आणि हे सगळं जर्मनमध्ये. मी गप्प. मला घरी कर्नाटकातली का महाराष्ट्रातली विचारलं की मी दहा मिनिटं बोलते.

बेकरीत मिळालं काय ते महत्त्वाचं. राइसफ्लाडन. तांदळाची घट्ट खीर, कणकेच्या वाटीत भरून भाजलेली, वरून तपकिरी. पहिला घास घेतला आणि आजीची आठवण आली, फक्त वेलदोडा नाही. मग पुढच्या शनिवारी ३५० नंबरच्या बसने नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टला गेले (इथे पास चालत नाही, तिकीट काढलं), तिथे तीच वस्तू राइस्टेफ्लाय नावाने, आणि ‘ही खास आमच्या लिंबुर्गची’. त्याच्या पुढच्या वेळी लिएजच्या बाजूला तार्त ओ री, ‘ही खास आमच्या व्हेर्व्हियेची’. तीन भाषा, खीर एकच. आमच्याकडे पुरणपोळीला शेजारच्या वहिनी होळगी म्हणतात आणि सणाला दोन्ही घरांतून ताट येतं, वाद फक्त पातळ कोणाची यावर.

आणि भाषेचंही तसंच दिसतंय. व्हाल्सच्या बसमध्ये दोन आज्या बोलत होत्या, मला एक शब्द कळेना, वाटलं डच असेल. उतरताना कळलं एक आखनची एक व्हाल्सची, दोघी आपापली गावठी बोलत होत्या आणि ती जवळपास एकच आहे. शाळेत एकीला जर्मन शिकवलं एकीला डच, एवढाच फरक.

शुद्धशाकाहारी_सदाशिव | ९ फेब्रुवारी

खिरीचं ठीक आहे पण बेल्जियमच्या फ्राइजबद्दल कोणीतरी लिहा. माझ्या भाच्याने सहा महिने रोज खाल्ल्या, बटाटाच तर आहे म्हणून, आणि मग कळलं की पारंपरिक दुकानात त्या गाईच्या चरबीत तळतात. घरी अजून सांगितलेलं नाही.

सीमाभागातली | ९ फेब्रुवारी

@शुद्धशाकाहारी_सदाशिव काका मीही एकदा खाऊन बसलेय 🙈 आता आधी विचारते, काही दुकानं तेलात तळतात. दुसरं म्हणजे गमी कँडी, त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं, मागचं लेबल वाचायचं. वॉफल अंडं चालत असेल तर बिनधास्त, लिएजचं वॉफल पिठात साखरेचे खडे घालून करतात, भाजताना ते वितळून वर कुरकुरीत कवच होतं. रविवारी सकाळी नदीकाठी ला बात नावाचा बाजार भरतो, आमच्या निपाणीच्या आठवडी बाजारासारखा, कोंबड्यांपासून चपलांपर्यंत, ओरडणं पण तसंच. मग ते खाऊन झाल्यावर ३७४ पायऱ्यांचा ब्युरां जिना चढायचा, म्हणजे वॉफल माफ.

डोंगरवेडा_नाशिक | १० फेब्रुवारी

३२२ मीटर, ३७४ पायऱ्या... तुमच्याकडे एखादा खरा डोंगर आहे की नाही?

सीमाभागातली | १६ फेब्रुवारी

@डोंगरवेडा_नाशिक दादा बसा खाली. काल बेल्जियमचं कळसूबाई केलं. ऑयपनहून सांक्त फीटकडे जाणाऱ्या बसने वर गेलो. सिन्याल द बोत्रांज, उंची ६९४ मीटर. आता ६९४ सांगायला कसं वाटतं, म्हणून १९२३ मध्ये त्यांनी वर सहा मीटरचा मातीचा ढिगारा केला आणि पायऱ्या बांधल्या, म्हणजे सातशे पूर्ण! मी त्या पायऱ्या चढले, वर उभी राहिले, खाली उतरले, शिखर सर. आणि हा भागही व्हर्सायच्या तहातच मिळालेला.

पण चेष्टा बाजूला, तो सगळा पठारी भाग, होहेस फेन, मी अजून विसरू शकत नाही. दलदल आहे, पाऊल टाकलं की पाणी, म्हणून मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांची वाट. धुकं असं की पुढची मैत्रीण दिसेना, नुसता फळ्यांवरचा आवाज. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असला की लाल झेंडा लावतात, मग आत जायचं नाही. एका जागी साधा क्रूस आहे. १८७१ च्या जानेवारीत लग्नाचे कागद आणायला म्हणून एक जोडपं या पठारावरून चालत निघालं आणि बर्फात सापडलं, बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये मिळाले. ती मिळाली ती सीमेच्या दगडापाशी. त्या क्रुसापाशी आम्ही चौघी होतो, बडबड आपोआप थांबली.

डोंगरवेडा_नाशिक | १६ फेब्रुवारी

१६४६ मीटरवाल्या कळसूबाईकडून सहा मीटरला साष्टांग नमस्कार. धुक्यात फोनवर विसंबू नकोस, नकाशा डाउनलोड करून ठेव, थंडीत बॅटरी पटकन उतरते. आणि शिट्टी ठेव जवळ.

सीमाभागातली | २ मार्च

कार्निव्हल!!! गुरुवारी लॅबमध्ये गेले तर आमचे सुपरवायझर जुनाट टाय घालून बसलेले, एरवी कायम टी-शर्ट. ११ वाजून ११ मिनिटांनी सेक्रेटरी बाई कात्री घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर टाय कापला. तो दिवस बायकांचा, ज्याचा टाय दिसेल त्याचा कापायचा. सर आधीच तयारीत होते, सेकंडहँड दुकानातनं टाय आणून ठेवतात म्हणे दर वर्षी. उद्या मोठी मिरवणूक, गाड्यांवरून चॉकलेट-गोळ्या फेकतात, त्याला कामेल म्हणतात, अनुभवी लोक छत्री उलटी धरतात. घोषणा ‘ओखं अलाफ’. आपला शिमगाच, फक्त बोंबा मारायच्या ऐवजी अलाफ.

आणि इथली एक खूण शिकले, क्लेंकेस. उजव्या हाताची करंगळी वर करायची. पूर्वी आखनमध्ये सुयांचे कारखाने होते, वाकड्या सुया करंगळीने बाजूला काढायचे, त्यावरनं. परदेशात आखनचा माणूस भेटला की करंगळी दाखवतात. आपल्याकडे करंगळी वर केली की शाळेत बाई बाहेर सोडायच्या, त्यामुळे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा भलताच समज झाला.

मांडवीकाठ | २ मार्च

आमच्या पणजीत पण कालच झालं कार्निव्हल, किंग मोमो आला, ‘खा, पी आनी मजा कर’ सांगून गेला. कारण एकच, पुढे चाळीस दिवसांचा उपास. पोर्तुगीज गेले, उपास पाळणारे पण कमी झाले, मिरवणूक वाढत चाललीय. तुमच्याकडे राजकारण्यांची टिंगल करतात का गाड्यांवर?

सीमाभागातली | ३ मार्च

@मांडवीकाठ करतात आणि कशी! मोठमोठे पुतळे, कोणाला सोडत नाहीत. मला निम्मे ओळखू आले नाहीत, शेजारचे काका एकेकाचं नाव सांगून माझ्या पिशवीत चॉकलेटं टाकत होते.

आईपण | ४ मार्च

मुलाला सगळा धागा वाचायला लावला. एक विचारायचं, सीमेवर खरंच कोणी अडवत नाही? पासपोर्ट घरीच ठेवला तर चालतो का, हरवायची भीती.

सीमाभागातली | ४ मार्च

काकू नाही नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सीमा पार करायची तर मूळ पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड, दोन्ही जवळ हवं. नुसतं कार्ड पुरत नाही, मोबाईलमधला फोटो तर नाहीच. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या सीमांवर तपासणी परत सुरू केलीय, डिसेंबरपासून नेदरलँड्सने पण. रोज नसते पण असते. डिसेंबरमध्ये मी मास्ट्रिक्टहून येताना बसमध्ये पोलीस चढले आणि माझा पासपोर्ट होस्टेलच्या कपाटात. बस थांबलेली, सगळे माझ्याकडे बघतायत, मी कार्ड दाखवलं, त्यांनी वायरलेसवर काहीतरी विचारलं, दहा मिनिटं पोटात गोळा. सोडलं, पण चांगलंच सुनावलं, आणि चूक माझीच होती. बसमधल्या शंभर टक्के गोऱ्या पोरांकडे त्यांनी कार्ड मागितलं का, तर मी बघितलं नाही, तेव्हा मान वर करायचं धाडसच नव्हतं.

कंबरेच्या पाऊचमध्ये ठेवायला सांगा, हरवत नाही.

जुना_कंदील | ५ मार्च

म्हणजे फिरून तिथेच आले म्हणायचे. आमच्या वेळी निदान चौकी दिसायची, कुठे घाबरायचं ते कळायचं.

विमानवेडा | ८ मार्च

हे तपासणीचं फ्लाइटला पण व्हायला लागलंय. बाय द वे, मोन्शाऊ केलंस का? आखनहून बसने जाता येतं, मी स्वतः बसने गेलो होतो, नोंद घ्यावी.

सीमाभागातली | ९ मार्च

@विमानवेडा नोंद घेतली 😄 मोन्शाऊ सायकलने केलं! फेनबान म्हणून जुन्या रेल्वेमार्गाची सायकलवाट आहे, आखनपासून पार लक्झेंबर्गमधल्या त्रॉविएर्जपर्यंत, सव्वाशे किलोमीटर. मी अर्थात मोन्शाऊपर्यंतच, तेवढ्यातच मांड्या भरून आल्या. रेल्वे होती म्हणून चढ बेताचा, पण संपत नाही. या वाटेचं वैशिष्ट्य म्हणजे रुळांखालची जमीन बेल्जियमची, दोन्ही बाजूला जर्मनी. व्हर्सायनंतर रेल्वेचा पट्टा बेल्जियमला दिला, त्यामुळे पलीकडे गेलेले जर्मनीचे तुकडे बेटांसारखे वेगळे पडले, असे पाच अजून आहेत. रेल्वे गेली, रूळ उखडले, सायकली आल्या, सीमा तशीच. एका ठिकाणी मी सायकल आडवी लावून डबा खाल्ला, पुढचं चाक जर्मनीत होतं, थालीपीठ बेल्जियममध्ये.

मोन्शाऊ गाव चित्रातलं आहे, लाकडी चौकटींची घरं, मधून रूर नदी, अठराव्या शतकातल्या कापड व्यापाऱ्याचं लाल घर. मला आवडली ती मोहरीची गिरणी, १८८२ पासून चालू, दगडी जात्यावर मोहरी दळतात. आत पाऊल टाकलं आणि नाकात झणका, लोणच्याचा मसाला कुटायच्या दिवसासारखा. छोटी बरणी घेतली, भाकरीबरोबर संपवली.

दालचिनी | ९ मार्च

भाकरी कुठून आणलीस??

सीमाभागातली | ९ मार्च

ज्वारीचं पीठ आईने आठ किलो दिलंय, कपडे काढून पीठ भरलं होतं बॅगेत. चुलत्यांनी विचारलं पोरगी शिकायला चाललीय का गिरण टाकायला.

सीमाभागातली | ६ एप्रिल

@जुना_कंदील काका, उशीर झाला, मध्ये परीक्षा होत्या. आज ऑयपनच्या रस्त्याने चालत गेले. क्योप्फशेन म्हणतात त्या जागेला, तीच ना? चौकी आहे. पाडलेली नाही. आता तिथे कॅफे आहे आणि चित्रांची प्रदर्शनं भरवतात, काही माणसांनी मंडळ करून चालवलंय. रविवार म्हणून गर्दी होती, सायकलवाले, कुत्री, पोरं. बाहेर बाकावर बसून कॉफी प्यायले. दोन फोटो टाकतेय, एक अलीकडून एक पलीकडून.

जुना_कंदील | ६ एप्रिल

तीच. डावीकडची खिडकी दिसतेय ना फोटोत, तिथे पासपोर्ट आत सरकवायचा. कॉफी कितीला होती?

सीमाभागातली | ६ एप्रिल

काका बिल बघितलं नाही, मैत्रिणीने दिलं. पुढच्या वेळी तुमच्या नावाने एक घेते आणि सांगते. त्या खिडकीत आता कुंडी आहे.

जुना_कंदील | ६ एप्रिल

दूध नको घालूस माझ्यात.